बेने इझ्राएलांचे इझ्राएलमधील पुनर्वसन

महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यू समाजाने इझ्राएलमध्ये आपले समाजजीवन नव्याने उभारण्यासाठी केलेले प्रयत्न. कोकणात, मुख्यतः रायगड जिल्ह्यात, शतकानुशतके राहिलेला हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी. शनिवारी घाणे बंद ठेवण्याच्या प्रथेमुळे त्यास ‘शनवार तेली’ म्हणत. दिवेकर, पेणकर यांसारखी त्यांची आडनावे गावांवरून पडली आहेत. मुंबईतील त्यांचे पहिले सिनॅगॉग १७९६ मध्ये बांधले गेले.

इझ्राएलची स्थापना (१९४८) झाल्यावर स्थलांतरास प्रारंभ झाला. नोकरी व निवास यांबाबत भेदभाव होत असल्याच्या तक्रारीवरून १९५१ मध्ये तेल अवीव्ह येथे काहींनी धरणे धरले. त्यांपैकी अनेक जण १९५२ मध्ये भारतात परतले. पुढे मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये इतर ज्यूंशी विवाह करू इच्छिणाऱ्या बेने इझ्राएलांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. कोकणातील शेजाऱ्यांनी ज्यांचे वेगळेपण शनिवारवरूनच ओळखले होते, त्यांच्या ज्यूपणाविषयीच नव्या मायभूमीत शंका घेतली गेली. याविरुद्ध १९६४ मध्ये जेरूसलेम येथे तीव्र आंदोलन झाले. त्या वर्षी संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले व धर्मपीठाने निर्देशांतील त्यांचा नामोल्लेख वगळला.

दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद इ. नगरांत त्यांनी वस्ती केली व स्वतःची सिनॅगॉगे स्थापन केली. पोहे, गूळ, खोबरे व फळे यांचा मलिदा करून एलियाहू प्रेषिताचे स्मरण करण्याचा विधी त्यांनी जपला. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथून प्रसिद्ध होऊ लागले. ज्यू म्हणून मान्यता मिळविताना त्यांनी मराठीपण सोडले नाही, हे या पुनर्वसनाचे वैशिष्ट्य होय.