टॅबवर एकच अ‍ॅप, पण किती वेळ?

चार वर्षांच्या मुलाला अक्षरओळखीचे अ‍ॅप उघडून द्यावे आणि स्वयंपाकघरात जावे. पाच मिनिटांनी येऊन पाहावे, तर अक्षरे बाजूला आणि चिरंजीव कसलासा व्हिडिओ पाहण्यात दंग! "याचं एका गोष्टीत लक्षच लागत नाही," अशी तक्रार पालक करतात. परंतु यात मुलाचा दोष नाही.

चमकणारे, हलणारे काही दिसले की तिकडे वळणे हा बालस्वभाव आहे. मनाला आवर घालण्याचे काम मेंदूचा पुढचा भाग करतो आणि त्याची वाढ विशीनंतरही चालू असते. म्हणून "दुसरीकडे बोट लावू नकोस" असे सांगून भागत नाही. दुसरीकडची वाटच बंद करावी लागते.

ही सोय बहुतेक टॅबमध्ये असते. आयपॅडवर तिचे नाव 'गाइडेड अ‍ॅक्सेस'. सेटिंग्जमधील 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'मध्ये ती सुरू करून गुप्त क्रमांक ठरवावा. मग हवे ते अ‍ॅप उघडून वरचे बटण (जुन्या आयपॅडवर होम बटण) लागोपाठ तीनदा दाबावे. यात वेळेची मर्यादाही घालता येते. अँड्रॉइड टॅबवर 'अ‍ॅप पिनिंग' किंवा 'स्क्रीन पिनिंग' असते. ते सेटिंग्जमधील सुरक्षेच्या विभागात सापडते. 'अनपिन करताना पिन विचारा' हा पर्याय अवश्य निवडावा, नाहीतर मूल दोन दिवसांत कुलूप उघडायला शिकते! अँड्रॉइडवर पिन केलेले अ‍ॅपही कधी कधी दुसरे अ‍ॅप उघडू शकते. अ‍ॅप इंटरनेटशिवाय चालत असेल, तर इंटरनेट बंद करूनच टॅब हाती द्यावा. जाहिरातींचा उपद्रवही त्याने कमी होतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पडद्याला खिळून बसणे म्हणजे एकाग्रता नव्हे. पडद्यावर चित्रे आणि आवाज मुलाला धरून ठेवतात. ठोकळे रचताना किंवा गोष्ट ऐकताना मूल स्वतः लक्ष धरून ठेवते. खरी सवय या दुसऱ्या प्रकाराने लागते. कुलूप लावले म्हणजे टॅब तासन् तास देण्यास हरकत नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेला सल्ला स्पष्ट आहे. दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असल्यास उत्तम.

पालकांनी पुढील पथ्ये पाळावीत :

• टॅब देण्यापूर्वीच वेळ सांगावी. "दोन खेळ झाले की बंद" हे मुलाला "वीस मिनिटे" यापेक्षा चांगले कळते.

• शक्यतो शेजारी बसून "हे कोणतं अक्षर?" असे विचारावे. भाषा बोलण्यातून येते.

• जेवताना आणि झोपण्यापूर्वी तासभर टॅब नको.

• रोज मोकळ्या उजेडात खेळू द्यावे. लहानपणी बाहेर खेळणाऱ्या मुलांना लांबच्या नंबरचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो.

दीड-दोन वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल किंवा बोलणे लांबले असेल, तर टॅबला दोष देत थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवून कान तपासून घ्यावेत.