बोटीच्या पोटातलं इंजिन

निपाणीहून निघालेला रस्ता राधानगरीवरून फोंडा घाट उतरून देवगडला पोचतो. आमच्या सीमाभागातली माणसं तिकडे हापूस आणि मासळीसाठी जातात. मी जातो ट्रॉलरच्या पोटात डोकावायला!

बोटीच्या मागे टांगलेल्या यंत्रापेक्षा आत बसवलेल्या डिझेल इंजिनाचं वजन तळाशी राहतं, बोट कमी डोलते. इंजिनाचा लांब दांडा मागून पाण्यात जातो, टोकाला पंखा. दांडा बाहेर पडतो तिथे ग्रीस लावलेल्या दोरखंडासारखं पॅकिंग भरतात. चालत्या बोटीत तिथून थेंब थेंब पाणी गळायलाच हवं, त्यानेच दांडा थंड राहतो. फार आवळलं तर दांडा तापतो, झिजतो. ही गोष्ट मला सगळ्यात आवडते.

इटलीच्या कार्लो रिव्हांची १९६२ ची महोगनीची ‘अ‍ॅक्वारामा’ बोटसुद्धा आतल्याच इंजिनांवर पळायची, फक्त ती दोन होती. जुन्या अ‍ॅक्वारामा लोक आजही जिवापाड जपतात, नव्याने वॉर्निश करतात.

आणि आपलं बेळगाव? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचं दुकान काढलं. त्याच घराण्याने १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी केली. ती कंपनी बोटींसाठीही डिझेल इंजिनं बनवते.