सायकल घ्या मापाची!

दिघ्याहून ठाणे-बेलापूर रोडवर चक्कर मारायला कुठलीही सायकल चालते, बॉस! पण २०० किलोमीटर जायचंय, त्यातही खडी नि मातीची वाट आहे... मग? शोरूममधली चकाचक सायकल पाठीचा पार भुगा करते. शर्ट शिवून घेतो, तशी सायकलही मापानं जुळवून घ्या. पुण्याच्या शशिशेखर पाठक यांनी तर हातानं चक्क बांबूच्या सायकली बनवल्या. बांबू हादरे मस्त पचवतो!

एवढं बजेट नाही? साधी स्टीलची फ्रेमही झकास. फक्त तिच्यात ४० मिलिमीटरचे टायर मावतात ना, ते बघा. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, खडी टोचत नाही. पुढे ३० दात, मागे ३४ असा गिअर असला की सामानासकट चढ चढता येतो. सीटची उंची? पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. गुडघे दुवा देतील!

आणि स्पीडचं टेन्शन कशाला? २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे चहा-वडापाव धरून ताशी १५ किलोमीटर पुरे. तेव्हा पैसे आधी टायर नि सीटवर, चकाकी नंतर!