स्मृतीची आठ कारणे आणि प्रौढ स्वमग्न रुग्ण

स्मृती कशी उत्पन्न होते, याचे विवेचन चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात केले आहे. निमित्तग्रहण, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत ही ती आठ कारणे आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केली. त्यांचा चिकित्सालयातील उपयोग मात्र प्रस्तुत लेखकास एका रुग्णाने शिकविला.

धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यातला हा तरुण स्वमग्न आहे. एस.टी. गाड्यांच्या वेळा त्याला मुखोद्गत आहेत. संधिशूलासाठी त्यास योगराज गुग्गुळ दिला. पुढील भेटीत वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रोज पोट धरून बसतंय." "कधी दुखते? कसे दुखते?" यावर तरुण गप्प. त्यास सांगता येत नाही असे गृहीत धरून मी सूतशेखर जोडला. तिसऱ्या भेटीत प्रश्न बदलला, "सकाळची गोळी घेतलीस तेव्हा भाकरी खाल्ली होतीस का?" उत्तर तत्काळ आले, "गोळी सातला. भाकरी नऊला." पुडीवर केवळ 'दिवसातून २ वेळा' असे लिहिले होते. 'जेवणानंतर' हे मी तोंडी सांगितले होते, तेही वडिलांना. रुग्णाची स्मृती शाबूत होती. उणीव माझ्या प्रश्नपरीक्षेत होती.

लंडन येथील मानसशास्त्रज्ञ डरमॉट बाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांचे २००४ मधील संशोधन याच दिशेचे आहे. अमुक माहिती कोणत्या प्रसंगी मिळाली, हे आधाराविना आठवताना अॅस्पर्गर प्रकारातील व्यक्ती मागे पडल्या. पर्याय समोर ठेवताच त्या इतरांच्या बरोबरीने उत्तरल्या. म्हणजे नोंद झालेली असते, तिच्यापर्यंत पोहोचण्यास निमित्त हवे असते. म्हणून या अवस्थेस सरसकट 'स्मृतिभ्रंश' म्हणणे योग्य नव्हे.

व्यवहारात चार गोष्टी सहज करता येतील. मोघम प्रश्नाऐवजी प्रसंग, वेळ व पर्याय देऊन विचारावे. 'आग होते की टोचते?' असे विचारल्यास उत्तराची वाट सुकर होते. मात्र पर्यायांचा क्रम बदलून पुन्हा खात्री करावी. उत्तरास अवधी द्यावा. सूचना रुग्णास स्वतःस, लेखी द्यावी. औषधी दुकानदार बंधूंनी पुडीवर 'सकाळी भाकरी खाल्ल्यावर १, रात्री जेवल्यावर १, कोमट पाण्यासोबत' असे स्पष्ट लिहावे आणि गोळीचा रंग वा वेष्टन बदलल्यास आधी सांगावे.

मंडूकपर्णी, शंखपुष्पी आदी मेध्य रसायनांनी स्वमग्नता बरी होते, असे आश्वासन कोणीही देऊ नये. तसा पुरावा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रौढ रुग्णाकडे प्रमाणपत्र नसल्यास पालकांना त्याची माहिती द्यावी.

वडिलांनी सांगितलेला इतिहास आवश्यकच आहे. परंतु पोट ज्याचे दुखते, त्याला विचारल्यावाचून प्रश्नपरीक्षा पूर्ण होत नाही.