नव्या पिकअपच्या चॅसीला गंज : दोन पावसाळ्यांच्या आत काळजी घ्या

गंज हा जुन्या गाडीचा रोग आहे, अशी आपल्या टेम्पोवाल्या बांधवांची समजूत असते. गाडी नवी आहे, हप्ते अजून चालू आहेत, मग खाली वाकून पाहायचे कशाला? म्हणून केबिन पुसली जाते, हौद्याला रंग दिला जातो आणि चॅसीकडे कोणी पाहत नाही. पुढे एक दिवस पाट्याचे ब्रॅकेट हलू लागते किंवा पासिंगच्या वेळी मिस्त्री हातोडी मारून दाखवतो, तेव्हा कळते की चार-पाच वर्षांच्या गाडीचा सांगाडा आतून खाल्ला गेला आहे. इंजिन बदलता येते, टायर बदलता येतात. चॅसी गेली की मात्र गाडीची किंमत भंगाराच्या भावावर येते आणि कर्ज तेवढेच राहते.

उल्हासनगरचा फर्निचर आणि जीन्सचा माल, अंबरनाथच्या आनंदनगर व मोरिवली औद्योगिक वसाहतींतला माल आणि बदलापूरच्या कारखान्यांतला माल मोठ्या प्रमाणात याच लहान गाड्यांवर चालतो. म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे.

मोठ्या कंपनीच्या गाडीलाही गंज लागतो

गंज चढला की दोष मालकाच्या निष्काळजीपणाचाच असतो, असे नाही. अमेरिकेत टोयोटा कंपनीच्या टॅकोमा नावाच्या पिकअपची हकिकत यासाठी माहीत असावी. १९९५ ते २००० या सालांत तयार झालेल्या टॅकोमा गाड्यांच्या चॅसीला गंजापासून पुरेसे संरक्षण मिळालेले नव्हते. तिकडे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने चॅसीला भोके पडू लागली. २००८ मध्ये कंपनीने या गाड्यांसाठी खास योजना जाहीर केली. ज्या गाड्यांची चॅसी फारच खराब होती, त्या बाजारभावाच्या दीडपट किमतीने परत घेतल्या. नंतरच्या सालांच्या गाड्यांबाबतही खटला झाला आणि २०१६ मध्ये तडजोड ठरली. तिच्यात सुमारे १५ लाख गाड्या होत्या आणि तिची किंमत ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. कंपनीने आपली चूक मात्र मान्य केली नाही.

यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतात. नाव मोठे असले तरी चॅसी तपासलीच पाहिजे. आणि तिकडच्या मालकांनी तक्रारी केल्या, दाद मागितली, म्हणून त्यांना भरपाई मिळाली.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ नाही, मग गंज का?

लोखंडाला गंज लागण्यासाठी पाणी आणि हवा एवढेच पुरते. त्यात मीठ किंवा आम्ल मिसळले की काम फार वेगाने होते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे वरून कोरडा दिसणारा पत्रा खालून ओलाच राहतो.

आपल्या भागात रस्त्यावरचे मीठ नसले तरी मालातले मीठ आहे. मासळी आणि बर्फाचे पाणी हौद्याच्या फटींतून थेट चॅसीवर गळते. मिठात मुरवलेल्या कातड्यांचेही तसेच. ब्लीच केलेला ओला कपडा, आम्लाचे गळके कॅन, रसायनांची रिकामी पिंपे यांचे थेंब त्याच जागी पडतात. पावसाळ्यात वालधुनीच्या काठचे पाणी रस्त्यावर येते. त्या नदीत कारखान्यांचे सांडपाणी गेल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षांच्या आहेत. अशा पाण्यातून गाडी नेली आणि तशीच उभी ठेवली तर तो चिखल चॅसीच्या कोपऱ्यांत आठवडाभर ओला राहतो.

गाडीच्या बांधणीतही कच्च्या जागा असतात. चॅसी म्हणजे शिडीसारखा सांगाडा : दोन लांब पट्ट्या आणि मधले आडवे तुकडे. काही गाड्यांत पट्टी उघड्या नाळेसारखी असते, तर काहींत बंद चौकोनी नळीसारखी. बंद नळीच्या आत रंग नीट पोहोचला नसेल आणि पाणी निघण्याची भोके चिखलाने बुजली असतील, तर गंज आतून सुरू होतो आणि बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. वेल्डिंगचे सांधे, पत्र्याच्या कडा, पाट्यांची ब्रॅकेटे आणि बॅटरीखालची जागा या नेहमीच्या कच्च्या जागा होत.

आणखी एक कारण आपल्याच हातचे आहे. नवी गाडी आली की हौदा उंच करणे, जाळी लावणे, जादा पाटा घालणे ही कामे होतात. त्यासाठी भोके पाडली जातात, वेल्डिंग केले जाते. तिथला कारखान्याचा रंग जळतो आणि त्यावर पुन्हा रंग मारायचे राहून जाते. पहिला गंज तिथेच धरतो.

तपासणी कशी करावी

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर, गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यावी. आधी नुसत्या पाण्याने खालून धुवावी आणि पूर्ण वाळू द्यावी. मग बॅटरीच्या उजेडात पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) लहान हातोडीने पट्टीवर हलके ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणते, खाल्लेले बद्द वाजते.

२) पापुद्रे सुटत असतील तर स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहावे. टोक आत रुतले तर गंज खोल गेला आहे.

३) पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. आतून तांबूस पाणी किंवा गंजाचा चुरा आला तर तो धोक्याचा इशारा समजावा.

४) दोन पत्रे जिथे एकावर एक आहेत तिथे फुगवटा आहे का ते पाहावे. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे सांधा उघडतो.

नुसता तांबूस थर हाताने किंवा ब्रशने निघत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. भोक पडलेले असेल तर वेळ दवडू नये.

उपाय आणि चुका

वरवरच्या गंजासाठी तारेच्या ब्रशने जागा घासून स्वच्छ करावी, मिठाचा अंश राहू नये म्हणून गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी, गंजावर लावायचे फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण डब्यावरच्या सूचनेप्रमाणे लावावे, त्यानंतर इपॉक्सी किंवा झिंक प्रायमर आणि वर चॅसी ब्लॅक असे हात द्यावेत. बंद नळीच्या आत नळीने फवारायचे मेण मारावे. ब्रेक, रबरी पाईप आणि सायलेन्सर यांवर ते जाऊ देऊ नये.

नेहमी होणाऱ्या चुका अशा :

गंजावरच अंडरकोटिंग मारणे ही सर्वांत मोठी चूक. जाड काळा थर छान दिसतो, पण त्याच्याखाली ओल अडकते आणि गंज लपून वाढतो.

इंजिनचे जळके तेल फासण्याची पद्धत जुनी आहे. ते पावसात धुऊन जाते, त्यावर धूळ बसते, रबराचे बुश खराब होतात आणि तेल गटारात जाते.

भोकावर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून वर रंग फासणे म्हणजे स्वतःची आणि पुढच्या गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. चॅसीवर वजन असते. तिचे वेल्डिंग हे काम जाणणाऱ्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, म्हणून वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी काढाव्यात आणि कंपनीच्या सूचना पाहाव्यात. चॅसी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर लावू नये. तो अंक पुसला गेला तर आरटीओत मोठी अडचण होते.

कागद आणि कायदा

मालवाहू गाडीची पासिंग ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी असते. त्या तारखेची वाट न पाहता वॉरंटीच्या मुदतीत स्वतः तपासणी करून घ्यावी. वॉरंटीच्या पुस्तकात गंजाबद्दल काय लिहिले आहे ते गाडी घेतानाच वाचावे. दोष दिसला तर तोंडी सांगून थांबू नये. फोटो काढावेत, त्यावर तारीख असावी, लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी आणि जॉबकार्ड जपून ठेवावे.

आपल्या अनेक बांधवांना वाटते की धंद्याच्या गाडीसाठी ग्राहक आयोगात जाता येत नाही. हे पूर्ण खरे नाही. पोट भरण्यासाठी स्वतःच गाडी चालवणारा माणूस ग्राहक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात ट्रक आणि रिक्षाचीच उदाहरणे देऊन हे स्पष्ट केले आहे. मदतीला एक-दोन माणसे ठेवली तरी हक्क जात नाही. पण गाडी केवळ दुसऱ्यानेच चालवण्यासाठी घेतली असेल तर तो मालक ग्राहक ठरत नाही. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे आपल्यासाठी ठाण्यात, तक्रार करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. आपण दोष कधी पाहिला आणि कधी कळवला, हे दाखवणारा कागद इथे उपयोगी पडतो.

विम्याचेही समजून घ्यावे. हळूहळू चढलेला गंज ही झीज मानली जाते आणि विमा ती देत नाही. पुराचे नुकसान मात्र पूर्ण विम्यात येते, केवळ थर्ड पार्टी विम्यात नाही. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. अशा पुरात गाडी बुडाली तर लगेच विमा कंपनीला कळवावे, इंजिन सुरू करू नये आणि सर्व्हेच्या वेळी चॅसीत शिरलेला गाळ मुद्दाम दाखवावा. वर्षभराने त्याच गाळाने भोक पडले तर कोणी ऐकून घेणार नाही.

मासळी, कातडी किंवा रसायने वाहणाऱ्यांनी हौद्यात गळती न होणारी ताडपत्री किंवा ट्रे घालावा आणि फेरी संपताच साध्या पाण्याने गाडी खालून धुवावी. दहा मिनिटांचे हे काम आहे. नवी गाडी घेतलेल्यांनी पहिल्या पावसाळ्याआधीच नळीत मेण मारून घ्यावे, कारण कोरे लोखंड वाचवणे सोपे असते. आपली रोजी ज्या सांगाड्यावर उभी आहे, त्याच्याखाली वर्षातून दोनदा तरी वाकून पाहावे.