कोठारातले धान्य आणि ताटातले अन्न

अन्नसुरक्षेचा विचार धान्याच्या उत्पादनापासून सुरू होतो, पण तिथे संपत नाही. १९९६ साली रोममध्ये भरलेल्या जागतिक अन्न परिषदेने त्याची व्याप्ती ठरवून दिली. सर्व माणसांना सर्व काळ पुरेसे, सुरक्षित आणि पोषक अन्न मिळवता आले पाहिजे. म्हणजे अन्न उपलब्ध हवे, ते मिळवण्याची ऐपत हवी, त्यातून शरीराचे पोषण व्हायला हवे आणि हे सारे वर्षानुवर्षे टिकायला हवे. विकसनशील देशांची कृषिधोरणे बहुधा पहिल्या अटीभोवतीच आखली गेली. भारताने ती अट पुरी केली. उरलेल्या अटी किती पुऱ्या झाल्या, यावरच त्या धोरणाचे मोल ठरते.

परावलंबनाची दोन दशके

१९४३च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसे दगावली असावीत. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले, की त्या वर्षी बंगालमध्ये उपलब्ध असलेले धान्य १९४१पेक्षा कमी नव्हते. युद्धकाळात तांदळाचे भाव भडकले आणि मजुरी मागे राहिली. शेतमजूर, कोळी, ग्रामीण कारागीर यांच्या हातचे अन्न तुटले. कलकत्त्याला धान्य पुरवण्याकडे सरकारचे लक्ष होते. खेडी उघडी पडली.

स्वातंत्र्यानंतरही तुटीचे संकट सरले नाही. १९५६ साली अमेरिकेशी तिच्या ‘पीएल-४८०’ या अन्नमदतीच्या कायद्याखाली करार झाला आणि रुपयांत किंमत मोजून गहू येऊ लागला. स्वस्त आयातीमुळे शहरांची गरज भागली, पण देशी शेतीत पैसा घालण्याची निकड मागे पडली. १९६४-६५मध्ये सुमारे ८.९ कोटी टन असलेले अन्नधान्य उत्पादन अवर्षणामुळे पुढच्या वर्षी ७.२ कोटी टनांवर आले. १९६६मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले. त्याच काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी ही मदत थोड्याथोड्या हप्त्यांनी, हात राखून देण्याचे धोरण धरले. दुसऱ्या देशाच्या मर्जीवर पोट भरण्याचा अर्थ तेव्हा दिल्लीला पुरता कळला.

बियाणे, भाव आणि खरेदी

या अनुभवातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेचे तीन आधार होते. पहिला बियाण्याचा. कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम, त्यांचे सहकारी अण्णासाहेब शिंदे आणि एम. एस. स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ यांच्या आग्रहाने १९६६मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले गेले. दुसरा आधार भावाचा. जानेवारी १९६५मध्ये कृषिमूल्य आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशीवर हमीभाव ठरू लागले. तिसरा आधार खरेदीचा, त्यासाठी त्याच महिन्यात भारतीय अन्न महामंडळ सुरू झाले.

हे तिन्ही एकत्र आले म्हणून फरक पडला. नवे बियाणे खत आणि पाणी मागते. त्यावर पैसा घालणाऱ्या शेतकऱ्याला पीक आल्यावर भाव कोसळणार नाही याची खात्री लागते. आणि जाहीर भावाला खरेदीदार नसेल तर तो कागदावरच राहतो. गव्हाचे उत्पादन १९६४-६५मधील १.२३ कोटी टनांवरून १९७०-७१मध्ये २.३८ कोटी टनांवर गेले.

१९७२: रोजगार हेच अन्न

या व्यवस्थेची मर्यादा आणि तिची पूरक बाजू, दोन्ही महाराष्ट्राने दाखवून दिल्या. १९७२च्या दुष्काळात राज्याचे धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्यापर्यंत घसरले. परदेशातून आलेली मिलो ज्वारी आणि दुष्काळात वाटलेली सुकडी हे शब्द तेव्हापासून घराघरांत राहिले. तरीही बंगालची पुनरावृत्ती झाली नाही. १९७३च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या आसपास स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणे, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते अशा कामांची मजुरी हाती पडली, की कुटुंबाला धान्य घेता येई आणि मागणी तयार झाल्यामुळे बाहेरचे धान्य तिथवर पोहोचे.

महाराष्ट्र विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ साली केलेल्या प्रयोगातून हा विचार आकाराला आला होता. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला आणि त्याच्या खर्चासाठी शहरी नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. २००५च्या राष्ट्रीय कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले.

रेशनपासून हक्कापर्यंत

१९९७मध्ये रेशन व्यवस्था दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी विभागली गेली. याद्यांतल्या चुकांमुळे अनेक गरजू बाहेर राहिले आणि वरच्या गटाचे दर वाढल्याने उचल घटली. २००१-०२च्या सुमारास सरकारी गोदामांत सहा कोटी टनांहून अधिक धान्य साठले होते आणि त्याच काळात दुष्काळी भागांत माणसे अर्धपोटी होती. या विसंगतीवर २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. त्यातूनच शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश निघाला आणि अन्नाच्या हक्काची मागणी बळावली.

२०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकसंख्या कक्षेत घेतली. माणशी दरमहा ५ किलो, तर सर्वांत गरीब अशा अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरले. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. करोनाच्या टाळेबंदीत मजुरी बुडाली, तेव्हा कोट्यवधी घरांची चूल सरकारी साठ्यावर पेटली.

जागतिक व्यापाराचा अडसर

जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारानुसार विकसनशील देशाला एखाद्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या साधारण १० टक्क्यांपर्यंतच किंमत-आधार देता येतो. हा आधार मोजताना आजच्या हमीभावाची तुलना १९८६-८८च्या आंतरराष्ट्रीय किमतीशी होते. मधल्या महागाईमुळे आधार आहे त्याहून कितीतरी मोठा दिसतो. २०१३च्या बाली परिषदेत हमीभावाने खरेदी केलेल्या सरकारी साठ्यांविरुद्ध तक्रार न करण्याची तात्पुरती सवलत ठरली. २०१८-१९च्या तांदळासाठी भारताच्या आधाराचे प्रमाण ११.४६ टक्के भरले आणि या सवलतीचा आधार घ्यावा लागला. कायमचा तोडगा ही विकसनशील देशांची मागणी न्याय्य आहे, कारण गरिबांसाठीचा साठा हा त्यांच्यासाठी जगण्याचा प्रश्न आहे.

भावाने बदललेली पिके

हमीभाव वीसहून अधिक पिकांना जाहीर होतो, पण मोठी खरेदी गहू आणि भाताचीच होते. अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या शांताकुमार समितीने २०१५मध्ये नोंदवले, की सरकारी खरेदीचा लाभ अवघ्या ६ टक्के शेतकऱ्यांना मिळतो. खात्रीची खरेदी आणि फुकट वीज यांमुळे पंजाबात भात पसरला. तिथे भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या दीडपटीहून अधिक आहे. महाराष्ट्रात ज्वारीखालचे क्षेत्र गेल्या चार दशकांत निम्म्याहूनही खाली आले. ज्वारीबरोबर कडबा गेला आणि जनावरे सांभाळणे महागले. कमी पाण्यावर येणारे, जास्त पोषण देणारे धान्य बाजाराच्या भरवशावर सोडले गेले.

याचे परिणाम ताटात दिसतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आहे. गहू-तांदळाने भूक भागते. डाळ, भाजी, दूध, अंडी यांची उणीव त्याने भरून निघत नाही, आणि स्वच्छ पाण्याअभावी खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही.

पुढची दिशा

यावरचा उपाय जुन्याच सूत्रात आहे: भाव, खरेदी आणि वाटप एकत्र यायला हवेत. कर्नाटकात रेशनवर नाचणी आणि ज्वारी मिळते. ओडिशाने २०१७मध्ये सुरू केलेल्या अभियानात आदिवासी शेतकऱ्यांची नाचणी सरकारने विकत घेतली आणि ती रेशन व अंगणवाड्यांपर्यंत नेली. २०१३च्या कायद्यात भरडधान्याची तरतूद आधीपासून आहे. खरेदी केंद्रे कोरडवाहू तालुक्यांत उघडली, तर ती तरतूद अमलात येईल. ज्वारी, बाजरी, तूर यांना गहू-भातासारखी खात्रीची खरेदी मिळाली, तर शेतकऱ्याचे उत्पन्न, जमिनीतले पाणी आणि मुलांचे पोषण यांचा एकाच धोरणात मेळ बसेल. जोडीला मागेल त्याला काम आणि वेळेवर मजुरी हवीच, कारण अन्न मिळवण्याची ऐपत रोजगारातून येते. साठ वर्षांपूर्वी देशाने धान्याच्या तुटीवर ज्या निर्धाराने मात केली, तोच निर्धार आता पोषणाच्या तुटीसाठी लागेल.