भाडेकरूचा भाडेकरू आणि मेमरीची परवानगी

आज मशीनच्या आत मशीन, आणि त्याच्याही आत मशीन.

समजा, सावेडीत एका मालकानं खोली भाड्यानं दिली. अट एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. भाडेकरूनं अर्धी खोली मित्राला दिली आणि म्हणाला, "ठोक बिनधास्त!" चालेल? नाही ना. दोघंही हो म्हणाले तरच हो.

लिनक्स कर्नलमधलं केव्हीएम हेच सांभाळतं. मेमरीच्या साधारण 4 केबीच्या प्रत्येक पानाला तीन परवानग्या असतात: वाचणं, लिहिणं, चालवणं. मधलं मशीन आतल्या मशीनसाठी आपली यादी बनवतं. केव्हीएम ती स्वतःच्या यादीशी जुळवून तिसरी, 'शॅडो' यादी तयार करतं. प्रोसेसर बघतो ती हीच.

गंमत पुढे आहे. यादी मजल्यामजल्यांची असते, आणि वरच्या प्रत्येक मजल्याची बंदी खाली लागू होते. एकाच तक्त्याकडे दोन वाटा जात असतील, एक लिहू देणारी, दुसरी फक्त वाचू देणारी, तर शॅडो तक्तेही दोन हवेत. केव्हीएम मात्र मधल्या मजल्यांनाही शेवटच्या मजल्याचीच परवानगी लावायचं. त्यामुळे एका वाटेचा तक्ता दुसरीला चिकटायचा. जिथं 'पेज फॉल्ट' येऊन लिहिणं अडायला हवं, तिथं तो यायचाच नाही! भाड्याच्या सर्व्हरवर अशी चूक म्हणजे कुलूप दिसतंय, पण लागलेलं नाही.

ही चूक सीव्हीई-2021-38198 म्हणून नोंदली गेली. लिनक्स 5.12.11 मध्ये दुरुस्ती आली: आता प्रत्येक मजल्यावर, तिथपर्यंतच्याच परवानग्या मोजतात.